मध्ययुगीन डिनर शो उभा करायचा तर: ताट, तलवार आणि घड्याळ

आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन विमानतळ आहे. एकेकाळी अटलांटिक ओलांडणारी विमानं इंधन भरायला तिथे उतरत. लांब पल्ल्याची जेट विमानं आली, थांबायची गरज संपत चालली, आणि या भागात प्रवासी टिकवायचे कसे, हा प्रश्न ब्रेंडन ओ’रेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे उभा राहिला. त्यातूनच १९६३ साली जवळच्या बनरॅटी किल्ल्यात मध्ययुगीन मेजवानी सुरू झाली. पंधराव्या शतकातला किल्ला, लांब बाकं, मधापासून केलेलं मद्य, हार्प आणि फिडल, गाणारे वाढपी आणि हातानं खायचं जेवण. दहाएक वर्षांनी स्पेनच्या मायोर्का बेटावर याच धंद्याला दुसरी वाट फुटली. तिथे जेवणाऱ्यांसमोर घोडेस्वार भाले घेऊन एकमेकांना भिडू लागले. हा प्रकार १९८३ साली फ्लोरिडातल्या किसिमीला पोचला आणि ‘मिडीव्हल टाइम्स’ या नावानं अमेरिका-कॅनडात पसरला. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतल्या मुलांनी हा शो पाहिला असेल, तर बहुधा लिंडहर्स्टच्या त्यांच्या किल्ल्यातच.

वरवर पाहता दोन्ही शो अगदी वेगळे. धंद्याचं गणित मात्र एकच: जेवण तिकिटातच, मेनू सगळ्यांना एक, आणि वाढप एकाच वेळी. म्हणजे पंगत. हॉटेलात गिऱ्हाईक कधी येईल, काय मागेल, किती वेळ बसेल, यातलं काहीच मालकाच्या हातात नसतं. इथे पैसे आधी जमा झालेले असतात, किती कोंबड्या लागणार ते दोन दिवस आधी कळतं आणि ठरलेल्या वेळी सगळे एकदम उठतात. हा फायदा ज्याला जपता येतो त्याचा शो टिकतो. नट कितीही चांगले असले तरी तो गमावला की पहिल्याच हिवाळ्यात शो बंद पडतो.

मी पुढे जे सांगतोय ते इंग्लंडमध्ये १२० जागांचा, घोड्यांशिवायचा, शनिवार-रविवारी चालणारा शो धरून. मोठ्या रिंगणाचा विचार त्यानंतर.

घोडे की हॉल, हे आधी ठरवा

प्रत्येक नव्या निर्मात्याला घोडे हवेसे वाटतात. मलाही ते फार आवडतात, आणि म्हणूनच सांगतो, पहिल्या दोन वर्षांत त्या वाटेला जाऊ नका. पाचशे किलोचा घोडा दिवसाला आठ-दहा किलो चारा खातो, तीस-चाळीस लिटर पाणी पितो आणि वीसएक किलो लीद टाकतो. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवावा लागतो. शो शनिवारी असला तरी घोडा मंगळवारीही खातो. शिवाय एका प्रयोगाला लागतात त्यापेक्षा जास्त घोडे तबेल्यात ठेवावे लागतात, कारण लंगडणाऱ्या किंवा थकलेल्या जनावराला रिंगणात आणणं पाप आहे. मिडीव्हल टाइम्सनं टेक्सासमध्ये स्वतःचं रँच ठेवून अँडालुशियन घोडे वाढवले, आणि त्यांचे बरेचसे सरदार, म्हणजे घोड्यावरून लढणारे कलाकार, तबेल्यात काम करता करता तयार होतात. ही यंत्रणा उभी करायला त्यांना कित्येक वर्षं लागली.

रिंगणातल्या वाळूचं वेगळंच दुखणं आहे. कोरडी ठेवली तर धूळ थेट सूपमध्ये, फार भिजवली तर घोडा घसरतो. प्रयोगाआधी किती पाणी मारायचं हे हवामान पाहून रोज ठरवणारा माणूस लागतो. उन्हाळ्यात एखाद्या मैदानावर भाल्यांची झुंज दाखवायची हौस असेलच, तर त्यात मुरलेली घोडेस्वारांची टीम त्या दिवसापुरती ठरवा. त्यांचे घोडे गोंगाटाला सरावलेले असतात आणि विमाही त्यांचा स्वतःचा असतो.

हॉलच्या शोला लागतात सहा नट, दोन वादक आणि एक चांगलं स्वयंपाकघर.

जागा बघताना आधी स्वयंपाकघराचं दार बघा

जुना किल्ला, दगडी कोठार, चर्चचा हॉल, काहीही चालेल. जुन्या वास्तूत वातावरण फुकट मिळतं, पण ती सरकारी यादीत नोंदलेली असेल तर भिंतीला खिळा मारायलाही परवानगी लागते आणि खऱ्या मेणबत्त्यांना बहुतेक नकारच येतो. चांगल्या प्रतीच्या बॅटरीच्या मेणबत्त्या घ्या. पताका आणि पडदे आग न धरणाऱ्या कापडाचे असावेत, त्याचं प्रमाणपत्र फायलीत ठेवा.

खरी परीक्षा वेगळीच. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा आणि सगळ्यात लांबच्या टेबलापर्यंत भरलेला ट्रे घेऊन चालून पाहा. वाटेत जिना आहे का? दार दोन्ही बाजूंनी उघडतं का? परत येणारा वाढपी समोरून येणाऱ्याला आडवा जातो का? जाण्याचं आणि येण्याचं दार एकच असेल तर वाढपाला बराच जास्त वेळ लागतो आणि प्रयोगाची लय तिथेच मोडते. मी पाहिलेल्या अतिशय देखण्या जागा या एकाच कारणासाठी सोडून द्याव्या लागल्या.

टेबलं घोड्याच्या नालेसारखी, तीन बाजूंनी मांडा, मधे लढाईची जागा. पहिल्या टेबलाच्या कडेपासून तीन मीटर मोकळे ठेवा. ही पट्टी जागामालकाला वाया गेल्यासारखी वाटते, तिथे आणखी वीस खुर्च्या बसतील असं तो सुचवतो. ऐकू नका.

घड्याळ

नाटकाची संहिता आणि स्वयंपाकघराचं वेळापत्रक एकाच कागदावर लिहा. डावीकडे प्रवेश, उजवीकडे ताट, मधे मिनिटं. हा कागद रंगमंच व्यवस्थापकाकडे, मुख्य आचाऱ्याकडे आणि वाढप्यांच्या मुकादमाकडे, तिघांकडे असला पाहिजे. तीन वेगळे कागद तयार झाले की भांडण ठरलेलं.

दोन नियम कधी मोडायचे नाहीत. वाढपी मधल्या वाटेत असताना तलवार म्यानाबाहेर येणार नाही. आणि ताट समोर येत असताना कथेचं महत्त्वाचं वाक्य कोणी बोलणार नाही. माणसासमोर गरम कोंबडी ठेवली की तो पुढची दोन मिनिटं काहीच ऐकत नाही. त्या वेळात संगीत, नाच, विदूषकाचे खेळ, वाढदिवसाच्या पाहुण्यांची नावं पुकारणं, हे सगळं बसवा.

माझ्या हिशेबानं दोन तासांचा प्रयोग साधारण असा चालतो. पाऊण तास आधी दार उघडतं, बार सुरू, दारातच प्रत्येकाच्या हाताला त्याच्या सरदाराच्या रंगाची पट्टी बांधायची. पहिल्या दहा मिनिटांत स्वागत आणि घोषणांचा सराव. मग ब्रेड आणि सूप, पंधरा मिनिटं. त्यानंतर पहिली छोटी लढत, काठ्यांची, सात-आठ मिनिटं. मग मुख्य ताट. त्याला सगळ्यात मोठी सुटी द्या, पंचवीस मिनिटं, त्यात फक्त गाणं-बजावणं. ताटं उचलली की कारस्थान उघडं पडतं आणि मोठी लढाई सुरू होते. गोड पदार्थ आणि शेवटचा बार निकालाआधी, कारण निकालानंतर कोणी काही मागवत नाही, सगळे फोटोच्या रांगेत उभे राहतात.

मुख्य ताटाची वेळ आली की स्वयंपाकघरात काय होतं ते सांगतो, म्हणजे हा कागद किती कामाचा ते कळेल. दारावर एक लाल दिवा असतो. आठ वाढपी ट्रे घेऊन दाराच्या आत रांगेत उभे. आचारी शेवटच्या ताटात थर्मामीटर खुपसून आकडा वहीत लिहितो. हॉलमध्ये नगाऱ्याचा आवाज चढत जातो. दिवा हिरवा झाला की दोन्ही कवाडं उघडतात आणि आठही जण एका ओळीत, नगाऱ्याच्या ठेक्यावर बाहेर पडतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा पाहुणे. एका ताटाला पंधरा-वीस सेकंद धरले तरी पाच मिनिटांत पूर्ण हॉल जेवायला लागलेला असतो. जेवण येणं हाच एक प्रवेश होतो, त्याला वेगळा खर्च लागत नाही. हे वाढपी जितक्या काळजीनं निवडाल तितका शो चढेल. त्यांना तालमीला बोलवा, तालमीचे पैसे द्या आणि प्रत्येकाला कथेतलं एक नाव द्या.

मेनू

मिडीव्हल टाइम्सची कथा अकराव्या शतकातली, आणि ताटात टोमॅटोचं सूप, बटाटा, मक्याचं कणीस. तिन्ही गोष्टी अमेरिका खंडातून युरोपात आल्या त्या १४९२ नंतर. प्रेक्षक तक्रार करत नाहीत, कारण हातानं खाता येणं, सगळ्यांना आवडणं आणि ट्रेमध्ये टिकणं या तीन कसोट्यांना ते ताट उतरतं. तरी माझं मन म्हणतं की छोट्या शोनं खरं जेवण द्यावं. लहान नाटकमंडळ्यांना मोठ्या कंपन्यांपेक्षा वेगळं दिसायचं असेल तर त्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग तोच आहे.

बार्ली आणि लीकच्या कांद्याचं घट्ट सूप, म्हणजे त्या काळचं पॉटेज. शिळ्या जाड ब्रेडचा तुकडा ताटासारखा वापरायची पद्धत होती, त्यावर भाजलेली अर्धी कोंबडी. दालचिनी आणि आलं घातलेलं सफरचंद. मलबारची मिरी तेव्हा युरोपात श्रीमंतांच्या पानात दिसे, तेव्हा यजमान सरदाराच्या तोंडी एखादं वाक्य घालून मिरीची कुपी फिरवता येते. काटे इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापर्यंत रुळले नव्हते, त्यामुळे हातानं जेवणं अस्सलच आहे. फक्त जेवणाआधी आणि नंतर गरम ओले रुमाल द्या. ते विसरलात तर लहान मुलांचे हात पोशाखांना लागतात आणि धुलाईचं बिल वाढतं.

शाकाहाऱ्यांची सोय हा मला जिव्हाळ्याचा विषय. बहुतेक ठिकाणी त्यांच्यापुढे एक रडकी भाजी येते. अहो, मध्ययुगीन युरोपात चर्चच्या नियमानं शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत मांस वर्ज्य असे. वाटाण्याचं पॉटेज, बदामाचं दूध घालून शिजवलेले पदार्थ, कणकेच्या पारीत भाज्या भरून भाजलेले ‘पाय’ (pie) हे सगळं त्या काळचंच आहे. त्याला ‘मठाचं ताट’ म्हणून मानानं वाढा. भारतीय कुटुंबं असा शो लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी दहा जणांना घेऊन येतात. ही ताटं मात्र बुकिंगच्या वेळीच मोजून घ्या. दारात ‘मी शाकाहारी’ म्हणणाऱ्यांसाठी सहा जास्तीची ताटं ठेवा, त्याहून अधिक नकोत.

सुरक्षेचे आकडे पाठ हवेत. कोंबडी आतून ७५ अंश सेल्सिअसला पोचली पाहिजे आणि वाढेपर्यंत ६३ अंशांच्या खाली जाता कामा नये. ब्रिटनमध्ये ॲलर्जीच्या १४ घटकांची माहिती देणं बंधनकारक आहे आणि बदाम त्यातलाच एक. ॲलर्जीवाल्या पाहुण्याच्या खुर्चीला वेगळी खूण असावी आणि त्याचं ताट नेहमी एकाच ठरलेल्या वाढप्यानं आणावं.

तलवारी

यावर काटकसर करू नका. लढाई बसवायला प्रशिक्षित मारामारी-दिग्दर्शक घ्या, कोणाचा तरी कराटे शिकलेला भाऊ नको. मंचावरच्या प्रत्येक वाराला ठरलेला क्रम असतो: आधी हल्ला करणारा इशारा देतो, मग समोरचा हलायला लागतो, आणि मगच वार येतो. प्रेक्षकाला उलटं दिसतं, तेच कौशल्य. हात पूर्ण लांबवला तरी पातं अंगापासून वीतभर दूर राहील एवढं अंतर, वाराआधी नजरेला नजर, आणि टोक कधीही प्रेक्षकांच्या दिशेनं नाही.

पाती बोथट स्टीलची, धार दोन-तीन मिलिमीटर जाड, टोक गोल. पात्यावर पातं आदळलं की कडेला बारीक खाचा पडतात आणि त्या खाचांचे कंगोरे ब्लेडसारखे कापतात. म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी कापसाचा बोळा पात्यावरून मुठीपासून टोकापर्यंत आणि परत फिरवायचा. जिथे कापसाचा धागा अडकतो तिथे कानस. दोन्ही कडा झाल्या की मूठ हलवून पाहायची, सैल वाटली तर ती तलवार त्या दिवशी बाद. हे काम एकाच माणसाचं, आणि तो सही करतो. त्यानंतर सगळ्या लढाया एकदा अर्ध्या वेगानं आणि एकदा जवळपास पूर्ण वेगानं. वीस मिनिटं लागतात. उशीर झाला तर दार उशिरा उघडा, पण ही वीस मिनिटं कापू नका. प्रयोग संपला की तलवारी मोजून कुलपात. सार्वजनिक जागी पातं घेऊन फिरायला इंग्लंडमध्ये सबळ कारण लागतं, तेव्हा ने-आण नेहमी बंद पेटीतून.

रंगांचं सांगायचं राहिलं. चार सरदार, चार रंग, प्रत्येकाचे तीस पाठीराखे. आपल्या सरदारासाठी ओरडायला मिळणं हा या शोचा प्राण आहे, कथा त्याच्या मागे. विजेता प्रयोगागणिक बदलला तर लोक पुन्हा येतात. पण चार वेगळे शेवट बसवायला तालमी चौपट होतात. सुरुवातीला दोनच शेवट नीट बसवा, नटांना आठवडाभर आधी वेळापत्रक द्या आणि आयत्या वेळी बदलू नका.

पैसे

हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा. तिकीट ५५ पौंड. त्यातून २० टक्के व्हॅट वजा जाता हातात ४५ पौंड ८३ पेन्स. माणशी जेवण १० पौंड, कार्ड आणि एजंटचं कमिशन ५ पौंड. म्हणजे एका पाहुण्यामागे साधारण ३०.८३ पौंड उरतात.

एका प्रयोगाचा बांधलेला खर्च: सहा नट प्रत्येकी १२० म्हणजे ७२०, दोन वादक २४०, आठ वाढपी साडेपाच तास ताशी १३ नं ५७२, स्वयंपाकघरात तिघे सात तास ताशी १५ नं ३१५, रंगमंच व्यवस्थापक आणि तंत्रज्ञ २६०, हॉल ४००, विमा-धुलाई-किरकोळ १००. एकूण २,६०७ पौंड. म्हणजे ८५ पाहुणे आले की खर्च निघतो, १२० पैकी ७१ टक्के. हाउसफुल झालं तर हजारभर पौंड हातात. पोशाख, तलवारी आणि महिनाभराच्या तालमी या हिशेबात धरलेल्याच नाहीत, ते भांडवल वेगळं.

यातून दोन गोष्टी दिसतात. नफा बारवर आणि सामूहिक बुकिंगवर आहे, तेव्हा मध्यंतरात बारसमोर रांग वीस माणसांची झाली तर ते नुकसान समजा आणि टेबलावरच सुरई भरून मद्य विकत घ्यायची सोय करा. दुसरं म्हणजे एकाच संध्याकाळी दोन पंगती. बनरॅटीत संध्याकाळी साडेपाच आणि पावणेनऊ अशा दोन बैठका चालत आल्या आहेत. हॉलचं भाडं, पोशाख चढवणं, भट्टी तापवणं एकदाच, तिकिटं दोनदा. मात्र नटांना मधे किमान तासभर बसून जेवायला मिळालं पाहिजे. थकलेल्या हातात तलवार देऊ नये. अमेरिकेत लिंडहर्स्टच्या कलाकारांनी २०२२ साली संघटना करायच्या बाजूनं मत दिलं, कॅलिफोर्नियातल्या ब्युएना पार्कला २०२३ मध्ये संप बरेच महिने चालला, आणि दोन्हीकडे पगाराइतकाच सुरक्षेचा मुद्दा होता. हा धंदा करणाऱ्या प्रत्येकानं त्या मागण्या शांतपणे वाचाव्यात.

कागदपत्रं

इंग्लंड-वेल्समध्ये दारू विकायची किंवा रात्री अकरानंतर गरम जेवण द्यायचं तर जागेचा परवाना लागतो. सकाळी आठ ते रात्री अकरा, पाचशेपर्यंत प्रेक्षक, अशा नाटकाच्या प्रयोगाला मात्र स्वतंत्र परवाना लागत नाही. चाचणीच्या प्रयोगांसाठी तात्पुरती नोटीस देता येते: नट-वाढप्यांसकट ४९९ माणसांपर्यंत, सलग १६८ तासांपर्यंत, कामकाजाचे दहा दिवस आधी. अन्नव्यवसायाची नोंदणी सुरू होण्याच्या २८ दिवस आधी. विमा कंपनीला ‘नाटक’ एवढंच सांगून भागणार नाही. लढाई, मद्य आणि अंधारात फिरणारे वाढपी, तिन्ही लेखी कळवा. शिकारी पक्षी आणायचा विचार असेल तर त्याचा माणूस, त्याचे कागद आणि त्याचा विमा वेगळा.

चाचणी प्रयोग

रंगीत तालीम रिकाम्या हॉलमध्ये कधीच करू नका. पहिल्या चाचणीला चाळीस ओळखीची माणसं बोलवा, तलवारी काढूच नका, फक्त वाढप आणि गाणी. घड्याळाचा कागद हातात घेऊन प्रत्येक ताटाची खरी वेळ लिहा. दुसरीला ऐंशी माणसं आणि पूर्ण लढाई. तिसरीला अर्ध्या तिकिटात पूर्ण हॉल, त्यात मुद्दाम लहान मुलं आणि एक मोठा ऑफिसचा ग्रुप, कारण सगळ्यात जास्त गोंधळ हेच दोघे घालतात. तीनही वेळचे आकडे शेजारी ठेवले की संहितेतली कुठली वाक्यं कापायची ते आपोआप दिसतं. लेखकाला हे आवडत नाही. त्याला चाचणीला वाढप्यांबरोबर ट्रे उचलायला लावा, मग तो स्वतःच कापतो.

पहिला सीझन चालला की पुढच्या वर्षी सगळं नवं करायचा मोह आवरा. मिडीव्हल टाइम्सनं २०१७ ते २०१८ मध्ये राजाच्या जागी राणी आणली. सिंहासनावर नवं माणूस आलं, कथा बदलली, पण सहा सरदार, रंगांचे गट आणि ताट तेच राहिलं. छोट्या शोनंही तसंच करावं: कथा नवी, मुख्य लढाईचा शेवट नवा, आणि घड्याळाचा कागद जुनाच.